संध्याकाळी पाचची जत गाडी

मिरजेतल्या एका नर्सिंग कॉलेजात दीपाली खोचरे मॅडमच्या हाताखालून जी मुलगी पास झाली, तिला पुढे आयुष्यात कुणाचीच भीती वाटत नाही, असं म्हणत. मॅडमचा पारा चढवायला एकच गोष्ट पुरे व्हायची, ती म्हणजे टेबलावर बसून भरलेला टीपीआर. ताप, नाडी आणि श्वास यांचा हा तक्ता पेशंटच्या उशाशी उभं राहून, घड्याळाकडे बघत भरायचा असतो. पण तीस खाटा फिरायचा कंटाळा आला की मुली टेबलाशी बसून सगळ्यांच्या नावापुढे नाडी बहात्तर ठोकून देत.

"सगळ्या वॉर्डाची बहात्तर?" दीपाली तक्ता नाकासमोर नाचवत विचारायची. "पेशंट आहेत का कवायतीला उभे राहिलेत?"

अशा बाईने एक दिवस स्वतःचाच तक्ता खोटा भरला, हे कुणाला सांगून पटलं नसतं. दीपालीला तर मुळीच नाही.

झालं असं, की त्या वर्षी कॉलेजात सगळ्यांना ताणपट्ट्या मिळाल्या. टिकलीएवढी पट्टी, कानामागे चिकटवायची. अंगावर काही संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य सोडतं आणि त्याचा अगदी बारीकसा अंश घामातही उतरतो. पट्टीच्या आतल्या थरात प्रयोगशाळेत घडवलेले रेणू होते. त्यांच्या खाचेत कॉर्टिसॉल तेवढं बसे, दुसरं काही बसत नसे. जितक्या खाचा भरत, तितका पट्टीतला विद्युतप्रवाह बदले. शिवाय पट्टी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायची. निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना ते जरा घाई करतं, सोडताना जरा रेंगाळतं. ताण साचत गेला की हे रेंगाळणं संपतं आणि ठोके ठोकळ्यासारखे एकसारखे पडू लागतात.

ही दोन्ही मोजमापं जुळवून दर पाव तासाला एक ठिपका पडे आणि दिवसभराची रेघ तयार होई. धडधाकट माणसाची रेघ सकाळी वर असते आणि संध्याकाळपर्यंत आपोआप उतरते. वर्षानुवर्षं कुणाचं तरी आजारपण काढणाऱ्यांची रेघ मात्र उतरायचं विसरून जाते, आणि मग ती हिरवीची लाल होते.

या रेघांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रणालीचं नाव होतं 'सावली'. तिच्या नावाने बोटं मोडायचं कारण नव्हतं. तिने परीक्षेच्या आदल्या आठवड्यातल्या रात्रपाळ्या बंद करायला लावल्या. पहिल्या वर्षाच्या मुली बॅगा भरून गावी पळून जायच्या, ते थांबलं. तिचा एक नियम तर दीपालीने स्वतः उचलून धरला होता. तीन दिवस सलग रेघ लाल राहिली, तर त्या माणसाला वॉर्डात पाऊल टाकता येणार नाही. दमलेल्या नर्सच्या हातून औषधाचा डोस चुकतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि पहिली सलग लाल रेघ निघाली ती तिचीच.

"सावली म्हणते, वॉर्डात तुझं सगळं ठीक आहे," प्राचार्या नलवडे मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या. दोघींची वीस वर्षांची ओळख, त्यामुळे बंद दाराआड त्या तिला अगं-तुगं करत. "तुझी रेघ चढते ती संध्याकाळी पाच ते सात. घरी. दीपाली, हे अप्पांमुळे आहे ना?"

"म्हातारं माणूस आहे. चालायचंच."

"सावलीने सुचवलंय, अप्पांना शुश्रूषा केंद्रात ठेवावं. कोल्हापूरचं केंद्र चांगलं आहे गं, मी बघून आले. आधी महिनाभर ठेवून बघू."

"आणि नाही ठेवलं तर?"

नलवडे मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन आठवड्यांवर शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल आहे. तू वॉर्डात नसशील तर त्या चाळीस पोरींचं काय होईल, तूच सांग. आठ दिवस देते, तोवर वॉर्डात ये."

दीपाली बाहेर आली. अप्पांना केंद्रात ठेवलं तर ते महिन्याने परत येतील, पण तोवर त्यांच्या डोक्यात घर नावाचं काही उरलेलं नसेल, हे तिला ठाऊक होतं. असे पेशंट तिने खूप पाहिले होते. जागा बदलली की ही माणसं भराभर विझतात.

अप्पा म्हणजे तिचे वडील, बाळासाहेब खोचरे, वय ब्याऐंशी, वजन ब्याण्णव. छत्तीस वर्षं एसटी चालवली. आता एसटीला ड्रायव्हरच लागत नाही, गाड्या आपल्या आपण धावतात, पण ही बातमी अप्पांपर्यंत पोचली नव्हती. विस्मृतीच्या आजारात दिवस मावळायला लागला की पेशंट बेचैन होतो, कुठेतरी जायला निघतो. अप्पांना संध्याकाळी पाचची मिरज-जत गाडी काढायची असायची. दिवसभर त्यांच्यापाशी एक मावशी थांबत, त्या साडेचारच्या ठोक्याला चप्पल घालत. संध्याकाळी थांबायला कुणीच तयार होत नसे. पूर्वी अप्पा पाच वाजता कडी वाजवून वाजवून हात सोलून घेत, दोनदा तर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

मग दीपालीने एक दिवस व्हरांड्यात खुर्ची ठेवली, पुढ्यात स्टीलचं ताट उभं धरायला दिलं, आणि पेल्यावर चमचा दोनदा वाजवला. डबल बेल. अप्पांनी गियर टाकला. तेव्हापासून रोज पाच वाजता खोचऱ्यांच्या व्हरांड्यातून जत गाडी सुटायची.

त्याही संध्याकाळी ती सुटली.

"काय ओ कंडक्टर, उशीर केलासा?" अप्पा म्हणाले. गेल्या सहा महिन्यांत तिची हीच ओळख उरली होती. आई गेल्यावर घरात ती आणि अप्पा असे दोघंच राहिले होते. लग्नाचं तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. आता तर त्या घरात दीपाली नावाचंही कुणी नव्हतं.

"मीटिंग होती, मामा. चला, डबल बेल."

"किती शीटं?"

"चाळीस," ती म्हणाली, आणि प्रॅक्टिकलच्या चाळीस मुली तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

तानंग फाटा, भोसे, शिरढोण, कवठे महांकाळ, नागज फाटा, शेगाव, जत. दोन तास. मध्ये अप्पा घाट नसताना घाट चढवत, म्हशींना हॉर्न देत, आणि दीपाली उभी राहून स्टॉप पुकारत असे. मधेच त्यांना न्हाणीत न्यायचं, ब्याण्णव किलो खांद्यावर तोलायचं, लुंगी बदलायची, पुन्हा खुर्चीत आणायचं. यात हसू होतं, मजा होती, खोटं कशाला बोला. पण कंबर गेली होती, आणि रोज सात वाजता जत आलं की तिला वाटे, आता आपण इथेच फरशीवर पडावं आणि कुणी उठवू नये.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातून बाहेर पडताना शेवटच्या वर्षाची ईश्वरी हिप्परकर तिच्यामागे आली. जतकडची पोर. हसल्याशिवाय तिला बोलता येत नसे, आणि वर्गात तिची रेघ सगळ्यांत हिरवीगार असे.

"मॅडम, रागावणार न्हाई तर एक बोलू?"

"रागावायचं का नाही ते ऐकून ठरवीन."

"तुमची रेघ लाल हाय, समद्या हॉस्टेलला कळलंय. तुमची पट्टी द्या माझ्याकडं. जाताना द्यायची, सकाळी घ्यायची. पट्टीला काय माहीत कुणाचा कान हाय ते? मी असते की हिरवी."

दीपालीने तिला झापायला तोंड उघडलं. तेवढ्यात कोल्हापूरच्या केंद्रातली लोखंडी खाट तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कानामागची पट्टी काढून ईश्वरीच्या तळहातावर ठेवली. तेवीस वर्षांच्या नोकरीतला तिचा हा पहिला खोटा टीपीआर.

पहिल्या दिवशी तिने फोन उघडलाच नाही, लाज वाटली. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी नागज फाट्याला असताना फोन थरथरला. 'तुमची रेघ लाल आहे. दीर्घ श्वास घ्या.'

दीपालीने फोनकडे डोळे वटारून पाहिलं. ही पोरगी पट्टी लावून नाचते की काय? पण मग तिने तीन दिवसांची रेघ उघडली आणि तिच्यातली बाई मागे सरून ट्यूटर पुढे आली. रेघ साडेपाचपर्यंत झकास उतरत होती. सहाला एकदम चढायची, सात वाजता कळसाला पोचायची, मग रात्रभर तिथेच टांगलेली राहायची. दोन्ही दिवस तसंच, आणि आज तिसऱ्यांदा चढायला लागली होती. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी चढणारा ताप असावा, तशी. हा काही नाच नव्हता.

आणि ही मुलगी तर वर्षभर हिरवी होती.

"कंडक्टर! उतारू खोळंबल्यात!" अप्पा ओरडले.

सकाळी तिने ईश्वरीला औषधांच्या खोलीत गाठलं आणि दार लोटून घेतलं.

"रोज सहा वाजता तुला काय होतं?"

"काय न्हाई मॅडम," ईश्वरी हसली.

"हसू नकोस. तुझी स्वतःची पट्टी कुठे आहे?"

आता मात्र तिचं हसणं जागच्या जागी विरलं. "कस्तुरीकडं," ती हळूच म्हणाली. "तिच्याकडं आता जागा न्हवती, म्हणून तुमची मी लावली."

कस्तुरी माने ही हॉस्टेलमधली प्रसिद्ध झोपाळू मुलगी. भूकंप झाला तर सगळं आटोपल्यावर 'काय झालं' म्हणून विचारणारी. तिला बोलावून दीपालीने बाही वर करायला सांगितली, तर दंडावर एकाखाली एक अशा नऊ ताणपट्ट्या! स्वयंपाकघरातल्या आत्यांची एक, ट्यूटरच्या दोन, मुलींच्या सहा. ज्यांना लाल व्हायची भीती, त्या सगळ्या तिच्या दंडावर निवांत झोपा काढत होत्या.

"मला काय त्रास न्हाई, मॅडम," कस्तुरी जांभई दाबत म्हणाली. "फक्त आंघोळीला काढाय लागत्यात."

दीपालीला आधी हसू फुटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. मग ती स्टुलावर बसली. सगळं कॉलेज हिरवं होतं कारण सगळ्या कॉलेजने टेबलावर बसून बहात्तर भरले होते. तिच्यासकट. नर्सच त्या, पेशंटचं दुखणं ओळखायचं आणि स्वतःचं तक्त्यावर येऊ द्यायचं नाही, एवढं त्यांना न शिकवता येत होतं.

कस्तुरी गेल्यावर ईश्वरी बोलायला लागली. जतजवळच्या वाडीवर तिचे वडील वर्षभर अंथरुणाला खिळलेले. लकवा. नाकातल्या नळीतून अन्न द्यावं लागतं. रोज सहा वाजता आई व्हिडिओ कॉल लावते आणि ईश्वरी इथून सांगते, नळी कुठपर्यंत आहे बघ, डोकं वर धर, सावकाश सोड. "आईचा हात थरथरतो, मॅडम. चुकून फुप्फुसात गेलं तर? मी हितनं नुसतं बघायचं. ती रडाय लागली की मी हसते, म्हंजे तिला वाटतं समदं बरोबर चाललंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर सावलीनं मला घरी पाठवलं असतं. शेवटचं वरीस हाय." ती थांबली. "तुम्ही तरी कुठं सांगितलं?"

दीपालीने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

तासाभरात ती प्राचार्यांच्या टेबलासमोर उभी होती. हातात वॉर्डातला स्टीलचा किडनी ट्रे, त्यात दहा पट्ट्या.

"म्हणजे आपला वर्षभराचा अहवाल खोटा?" नलवडे मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. "तूसुद्धा, दीपाली?"

"मीसुद्धा. काय शिक्षा द्यायची ती द्या, पण आधी ऐकून घ्या. यंत्र खोटं बोललं नाही, आपण बोललो. का बोललो? कारण सावलीला एकच उपाय येतो. ओझं उचलून बाजूला ठेवायचं, नाहीतर माणूस बाजूला काढायचा. अप्पांना कोल्हापूरला, ईश्वरीला घरी. मॅडम, वॉर्डात आठ तास झाले की आपण काय करतो? पेशंटला घालवून देतो?"

"ओव्हर देतो," प्राचार्या नकळत म्हणाल्या. त्यांनीही बावीस वर्षं पाळ्या केल्या होत्या.

प्रत्येक नर्सच्या हाडीमासी मुरलेली ही रीत. पाळी संपली की जाणारीने येणारीला बरोबर घेऊन खाटेखाटेपाशी उभं राहायचं आणि सांगायचं, हा कोण, याला काय दिलं, काय द्यायचंय, रात्री कशाला घाबरतो. येणारीने 'घेतली' म्हटलं की जाणारीने मागे वळून बघायचं नसतं. त्या एका शब्दावर ती घरी जाऊन झोपू शकते.

"घरी ओव्हर घ्यायला कुणी येत नाही, मॅडम," दीपाली म्हणाली. "मला अप्पा नको झालेले नाहीत. मला फक्त दोन तास कुणीतरी 'घेतली' म्हणायला हवंय. आणि त्या पोरीच्या आईलाही."

नलवडे मॅडमनी पट्ट्यांचा ट्रे बाजूला सारला. मग त्यांनी कागद ओढला. अभ्यासक्रमात घरोघरी जाऊन शुश्रूषा करायचे तास होतेच. मुली ते कुठेतरी सर्वेक्षण करून उरकून टाकत. त्यात आता कॉलेजातल्या आणि मुलींच्या अशा घरांची नावं घालायची. जतच्या उपकेंद्रात दीपालीचीच जुनी विद्यार्थिनी सुप्रिया सिस्टर होती. दीपालीने तिथूनच फोन लावला. "मॅडम, तुम्ही सांगायचं आणि मी न्हाई म्हणायचं?" सुप्रिया म्हणाली. "आज सहा वाजता जाते हिप्परकरांच्यात."

"पंधरा दिवस," नलवडे मॅडम म्हणाल्या. "ज्याची पट्टी त्याच्याच कानामागे. रेघ उतरली नाही, तर अप्पा कोल्हापूरला. आणि वॉर्डात तू तोवर नाही, पोरींचा सराव मी घेते. हे मी मैत्रीण म्हणून सांगतेय, दीपाली."

पंधरा दिवसांनी रेघ उतरली. फार नाही, पण लालमधून बाहेर आली. अप्पा घरीच राहिले आणि चाळीसच्या चाळीस मुली पास झाल्या. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखी आहे ती पहिली संध्याकाळ.

पावणेपाचला ईश्वरी गणवेशात दारात उभी. दीपालीने अप्पांना खुर्चीत बसवलं, ताट हातात दिलं, आणि रीतसर खुर्चीच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

"बाळासाहेब विठोबा खोचरे, वय ब्याऐंशी. चालताना डावीकडे झुकतात, तू डावीकडे राहा. पाणी घोटघोट द्यायचं, एकदम दिलं की ठसका लागतो. कवठे महांकाळला न्हाणीत न्यायचं. उचलायचं नाही, 'मामा, चहाला उतरूया' म्हणायचं, आपले आपण उठतात. जत आल्याशिवाय गाडी बंद करायची नाही. आणि..."

"आणि काय, मॅडम?"

"आणि त्यांना खोटं पाडू नकोस," दीपाली म्हणाली, आणि विद्यार्थिनीसमोर आयुष्यात पहिल्यांदा ढसाढसा रडली.

ईश्वरी या वेळी हसली नाही. "घेतली, मॅडम," ती म्हणाली.

आता जायला हवं होतं. पण जायचं कुठे, हे दीपालीला समजेना. पाच ते सात या वेळात बायका काय करतात, हे ती विसरूनच गेली होती. ती व्हरांड्याच्या मागच्या बाकड्यावर टेकली. जरा बसू, मग जाऊ, असं मनाशी म्हणत.

ईश्वरीने डबल बेल दिली. गाडी निघाली. तानंग फाटा गेला. पोरगी जतचीच, त्यामुळे रस्ता तिला पाठ होता. भोसेच्या अलीकडे अप्पांनी मान वळवून मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"कंडक्टर, मागं कोण बसलंय?"

ईश्वरी गडबडली. "पॅसेंजर हाय की, मामा."

"पॅसेंजर न्हवं. माझी पोरगी हाय ती. दीपा."

गेल्या सहा महिन्यांत या घरात कुणी हे नाव घेतलं नव्हतं.

पूर्वी लोक आपली एकटी निघालेली पोरं एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरच्या हवाली करत, पोराला अमुक गावी उतरवा म्हणून. अप्पांनी अशी किती पोरं पोचती केली असतील, याला गणती नाही. आज त्यांनी ताटावरचा एक हात काढला आणि ईश्वरीला जवळ बोलावलं. आवाज खाली आणला, तरी दीपालीला शब्द न् शब्द ऐकू आला.

"एकटी हाय. आई न्हाई तिला. मला गाडी चालवताना सारखं मागं बघाय येत न्हाई, तवा तू ध्यान ठेव. जेवली का म्हणून इच्यार. जेवले म्हणंल, खरं धरू नगस. कुणाचं सामान दिसलं की उचलाय उठती, उठू देऊ नगस. आणि डोळा लागला तर उठवू नगस. स्टॉप आला तरी. लई दिसांची झोप हाय तिची."

"व्हय मामा," ईश्वरी म्हणाली. "घेतली."

अप्पांनी समाधानाने मान हलवली आणि पुढे रस्त्याकडे नजर लावली.

दीपालीला उठून त्यांच्यापाशी जायचं होतं, अप्पा म्हणून हाक मारायची होती. पण तिने भिंतीला डोकं टेकलं होतं आणि अंगातली सगळी ताकद त्या भिंतीत उतरून गेली होती. शिरढोण तिने ऐकलं. कवठे महांकाळ अर्धवट ऐकलं. चहाला उतरलेली माणसं परत गाडीत येऊन बसली, तेव्हा ती तोंड किंचित उघडं टाकून गाढ झोपली होती.

ईश्वरीने पेला उचलला, चमचा उचलला, आणि न वाजवताच खाली ठेवला.

"नागज फाटा," ती अप्पांच्या कानाशी वाकून म्हणाली, आणि अप्पांनी गाडी अगदी अलगद थांबवली.